वाचकांचे प्रश्न : ‘द वॉल’ची भिंत

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ हा दुहेरी अल्बम 30 नोव्हेंबर 1979 रोजी आला आणि 1980-81 मध्ये बँडने त्याचे मंचीय प्रयोग केले. अल्बमची सगळी गाणी क्रमाने वाजत असताना वादक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पांढऱ्या विटांची भिंत उभी राहत जायची आणि शेवटी कोसळायची. गेल्या अंकात यावर छोटं टिपण छापलं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ‘कसं केलं असेल?’ असं विचारणारी पत्रं इथे घेतली आहेत. गाण्यांच्या अर्थाविषयीची पत्रं पुढे कधीतरी.

प्रश्न : इतका गाजलेला दौरा, पण प्रयोग मोजकेच झाले असं वाचलं. नेमके किती आणि कुठे? (पुणे)

एकूण 31 प्रयोग, तेही चारच ठिकाणी. लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनात 7 ते 13 फेब्रुवारी 1980 हे 7, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या नॅसो कोलिझियममध्ये 24 ते 28 फेब्रुवारी हे 5, लंडनच्या अर्ल्स कोर्टात 4 ते 9 ऑगस्ट हे 6. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालेत 13 ते 20 फेब्रुवारी 1981 हे 8, आणि पुन्हा अर्ल्स कोर्टात 13 ते 17 जून हे 5.

तारखांकडे नीट पाहा. हा रोज नवं गाव गाठणारा दौरा नाहीच. एका जागी तळ ठोकायचा, आठवडाभर खेळ करायचे आणि सगळं गुंडाळायचं, अशी त्याची रीत. कारण सरळ आहे. या प्रयोगाला छप्पर असलेलं, रुंद, छताला टनावारी वजन टांगता येईल असं बंदिस्त सभागृह लागायचं. भिंत, तिच्यामागचे उचलते मचाण, वरून चालणारं विमान, मोठाल्या बाहुल्या, फिल्मचे प्रोजेक्टर हे सगळं लावून, मोजून, तपासून घ्यायला लागणारा वेळ एका रात्रीच्या खेळासाठी परवडत नाही. आपल्याकडच्या नाटकासारखं नेपथ्य बसच्या टपावर टाकून रात्रीतून पुढचं गाव, हा प्रकार इथे शक्य नव्हता.

दुसरं कारण तत्त्वाचं. अल्बमची कल्पनाच मुळी मोठ्या स्टेडियमांच्या वैतागातून जन्मली. 6 जुलै 1977 रोजी मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, आधीच्या दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात, बँडचा बासवादक आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स पुढच्या रांगेतल्या दंगेखोर प्रेक्षकावर थुंकला, आणि आपल्यात आणि प्रेक्षकांत आता भिंतच आहे हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यामुळे ‘द वॉल’ स्टेडियममध्ये करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याने तो धुडकावला. तिकीटविक्रीच्या दृष्टीने हा वेडेपणा होता, प्रयोगाच्या दृष्टीने योग्यच.

प्रश्न : भिंत खेळ चालू असताना बांधली जायची की आधी तयार असून फक्त पुढे सरकवली जायची? गाणी संपली आणि विटा शिल्लक राहिल्या तर? (सोलापूर)

खरोखर बांधली जायची, आणि तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

आराखडा मार्क फिशर आणि जोनाथन पार्क या दोघांचा. फिशर वास्तुविशारद, पार्क अभियंता. विटा अग्निरोधक पुठ्ठ्याच्या, आतून पोकळ. प्रवासात घडी करून सपाट ठेवायच्या आणि जागेवर खोके म्हणून उघडायच्या. एकेक वीट सुमारे पाच फूट लांब आणि भिंत पूर्ण झाली की उंची साधारण 40 फूट, म्हणजे जवळपास चार मजले. अशा काहीशे विटा. मंचाच्या दोन्ही अंगांना भिंतीचा काही भाग प्रेक्षक येण्याआधीच रचलेला असायचा. मधली मोकळी जागा पूर्वार्ध चालू असताना भरत आणायची.

गवंडी म्हणजे मंचकामगारांचीच तुकडी. ते भिंतीच्या मागे हायड्रॉलिकवर उचलल्या जाणाऱ्या मचाणांवर उभे. थर चढला की मचाण वर. विटा वीटकामासारख्याच सांधा मोडून रचायच्या, वरची वीट खालच्या दोघींच्या जोडावर. पण पुठ्ठा हलका. 40 फुटांवर तो स्वतःच्या भरवशावर उभा राहत नाही, मोठ्या वातानुकूलनाचा झोतसुद्धा त्याला हलवतो. म्हणून विटांच्या पोकळीतून दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे खांब घातलेले होते आणि भिंत चढेल तसे तेही वर सरकायचे.

आता वेळ. पूर्वार्ध संपतो तो एका छोट्याशा निरोपाच्या गाण्याने. त्या वेळी भिंतीत एका विटेएवढं भोक उरलेलं असतं, त्यातून वॉटर्सचा चेहरा दिसतो, शेवटची ओळ होते, वीट बसते, मध्यंतर. हा क्षण जुळलाच पाहिजे. पण गाण्यांची लांबी ठरलेली आणि माणसांच्या हाताचा वेग रोज वेगळा. एखादी वीट वाकते, एखादं मचाण अडतं, एखाद्या दिवशी सगळं सुरळीत होऊन विटा लवकर संपतात. दोन्हीकडून पंचाईत.

उपाय संगीतात शोधला. निरोपाच्या गाण्याच्या आधी एक वाद्यसंगीताचा तुकडा घातला. त्यात आधीच्याच गाण्यांतले धागे विणलेले, आणि तो लागेल तसा ताणता किंवा आवरता येईल असा बांधलेला. कामगार मागे असतील तर आणखी काही आवर्तनं, पुढे असतील तर लवकर सम. मूळ अल्बममध्ये हा तुकडा नाही. पुढे 2000 साली या प्रयोगांचं ध्वनिमुद्रण निघालं तेव्हा त्याला ‘द लास्ट फ्यू ब्रिक्स’ असं नाव मिळालं. नाव अगदी शब्दशः खरं आहे. रॉकच्या इतिहासात गवंड्यांच्या सोयीसाठी रचलेलं दुसरं संगीत आमच्या ऐकिवात नाही.

अल्बम करताना जागेअभावी वगळलेलं ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’ हे गाणंही मंचावर परत आलं. तेही बांधकामाला मिळालेली काही मिनिटंच.

प्रश्न : एवढी भिंत पाडायची आणि कोणाला लागायचं नाही, हे कसं? (ठाणे)

पुठ्ठा असला तरी चार मजल्यांवरून पाच फुटी खोका डोक्यात पडणं हा विनोद नव्हे. भिंत अखंड फळीसारखी पुढे झुकली असती तर तिचं टोक तिच्या उंचीइतकं लांब, म्हणजे पहिल्या कित्येक रांगांवर पडलं असतं. म्हणून ती कधीच एकसंध पाडली नाही. वरून थराथराने ढासळवली.

आतले सरकते खांब इथे दुसरं काम करायचे. खांबांच्या डोक्याशी बसवलेली यंत्रणा वरच्या विटांना ढकलायची, पुढे की मागे हे ठरवून. मग खांब खाली घेत जायचे आणि आधार गेलेले थर कोसळत यायचे. पुढे पडणारा भाग मंचाच्या कडेच्या आत राहील आणि मागे पडणारा भाग माणसांवर येणार नाही, अशी वाटणी. तरीही मागे अवजड वाद्यं होती, म्हणून बँडचा ड्रमर निक मेसन याचा ड्रमसंच लोखंडी पिंजऱ्याच्या संरक्षणात ठेवला होता. धूर, प्रकाश आणि सभागृहाच्या चारी बाजूंनी येणारा गडगडाट यांमुळे प्रेक्षकाला सगळं एका दमात कोसळल्यासारखं वाटायचं. आवाजाचा यात निम्मा वाटा. पुठ्ठा पडतो तेव्हा मुळात फारसा आवाज होत नाही.

भिंत पडल्यावर सगळे वादक ढिगाऱ्यापुढे येऊन क्लॅरिनेट, मँडोलिन अशा साध्या वाद्यांवर शेवटचं छोटं गाणं वाजवायचे. विजेच्या वाद्यांची जोडणी ढिगाऱ्याखाली, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचं.

प्रश्न : मी ड्रम वाजवतो. भिंतीवर चालणारी अ‍ॅनिमेशन फिल्म, टेपवरचे आवाज आणि जिवंत वादन हे त्या काळात संगणकाशिवाय कसं जुळवत? आमच्या छोट्या बँडला ते जमेल का? (नाशिक)

जमेल, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात.

आधी त्यांचं. व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फची अ‍ॅनिमेशन 35 मिलिमीटर फिल्मवर होती आणि तीन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून भिंतीच्या रुंदीवर टाकली जायची. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी धावते, ती कोणासाठी थांबत नाही. शेवटाकडचं ‘द ट्रायल’ हे खटल्याचं गाणं सव्वापाच मिनिटांच्या आसपास आहे. बँडची लय फक्त एक टक्क्याने खाली आली तर गाणं संपेपर्यंत 3 सेकंदांचा, म्हणजे 70 हून जास्त चौकटींचा फरक पडतो. न्यायाधीश तोंड उघडतो आणि आवाज नंतर येतो. त्यामुळे अशा गाण्यांत लय माणसाच्या हाती ठेवताच येत नाही. बहुपदरी टेपच्या एका पदरावर नुसती टिकटिक मुद्रित करायची आणि ती फक्त ड्रमरच्या हेडफोनमध्ये द्यायची. बाकीच्या पदरांवर वाद्यवृंद, हेलिकॉप्टर, टेलिफोन, समूहाचे आवाज. ड्रमर टिकटिकीला धरून, बाकीचे ड्रमरला धरून. याला क्लिक ट्रॅक म्हणतात आणि तुम्ही तो सरावात वापरतही असाल.

उत्तरार्धात याची गरज दुप्पट, कारण वादक एकमेकांपासून तुटलेले. कोणी भिंतीमागे, कोणी पुढे, गिटारवादक डेव्हिड गिलमोर एका गाण्यात थेट भिंतीच्या माथ्यावर, हायड्रॉलिक मचाणावर उभा राहून सोलो वाजवतोय. नजरेच्या इशाऱ्यावर तिथे काहीच चालत नाही.

आता तुमच्यासाठी. लॅपटॉप आणि किमान दोन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या. डाव्या आउटपुटवर फक्त क्लिक, उजव्यावर तयार आवाज, दोन्ही मोनो. डावी वायर हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधून तुमच्या कानात जाते, उजवी मिक्सरला. ही जोडणी उलटी झाली की सभागृहभर टिकटिक ऐकू येते. नवख्या बँडचा हा हमखास होणारा घोळ आहे, म्हणून वायरींना रंगीत चिकटपट्टी लावा. गाण्याआधी दोन मात्रा मोजून द्या आणि क्लिकचा आवाज हाय हॅटपेक्षा वेगळ्या पट्टीतला ठेवा, नाहीतर तो त्यात बुडतो. कान झाकणारे बंद हेडफोन वापरा. उघड्या हेडफोनमधून क्लिक तुमच्या वरच्या माइकमध्ये शिरते. लॅपटॉपचं वायफाय आणि सूचना बंद. आणि क्लिक मधेच गेली तर काय, हे आधी ठरवा. सोपा नियम असा की ड्रमरने हात वर केला की ध्वनिसंयोजकाने टेपचा फेडर खाली घ्यायचा आणि बँडने गाणं तसंच पुढे न्यायचं. टेपला परत पकडायला जाऊ नका. ती पकड कधीच बसत नाही.

मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजांबद्दल एक पुस्ती. पिंक फ्लॉइड 1967 पासून सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून आवाज फिरवत. त्यासाठी त्यांच्याकडे दांडीने चालणारं खास यंत्र होतं. पण मागच्या स्पीकरमध्ये ते प्रामुख्याने परिणामध्वनीच सोडत, आणि याचं कारण साधं गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरला एकदशांश सेकंद. मागच्या स्पीकरमध्ये स्नेअर ड्रम सोडलात तर मागे बसलेल्याला तो आधी मागून आणि मग पुढून, असा दोनदा ऐकू येईल. हेलिकॉप्टरला मात्रा नसते, ते कुठूनही येऊ शकतं.

प्रश्न : सुरुवातीला मंचावर येणारे खरे पिंक फ्लॉइड नव्हतेच म्हणे? (कोल्हापूर)

नव्हते. आधी एक निवेदक येऊन सूचनांचं चऱ्हाट लावायचा. मग चार वादक दणक्यात पहिलं गाणं सुरू करायचे. त्यांच्या तोंडावर फ्लॉइडच्या चौघांच्या चेहऱ्यांचे साचे काढून केलेले मुखवटे. खरा बँड नंतर उजेडात यायचा, तेव्हा कळायचं. 1980 च्या या जोडसंचात गिटारवर स्नोई व्हाइट, बासवर अँडी बाऊन, ड्रमवर विली विल्सन आणि कीबोर्डवर पीटर वुड. 1981 मध्ये व्हाइटच्या जागी अँडी रॉबर्ट्स. ही माणसं शोभेची नव्हती. स्टुडिओत एकावर एक पदर चढवलेलं संगीत चौघांच्या आठ हातांनी वाजत नाही, म्हणून सबंध प्रयोगभर ती वाजवत होती.

प्रश्न : पहिल्याच प्रयोगाला आग लागली होती हे खरं का? (नागपूर)

खरं. 7 फेब्रुवारी 1980, लॉस एंजेलिस. सुरुवातीच्या गाण्यात प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवरचं युद्धविमान येऊन मंचावर आदळतं आणि दारूकाम उडतं. त्या ठिणग्यांनी वरच्या पडद्याने पेट घेतला. पुष्कळ प्रेक्षकांना तो खेळाचाच भाग वाटला. वॉटर्सने खेळ थांबवला, वर चढलेल्या कामगारांनी आग विझवली आणि प्रयोग पुढे सुरू झाला.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. ठिणगी खाली पडते हे सगळ्यांच्या लक्षात असतं, गरम हवेबरोबर ती वर जाते हे विसरलं जातं. त्यामुळे तपासायची जागा म्हणजे दारूकामाच्या वरचं कापड. ते अग्निरोधक आहे का, आणि शेवटचं कधी धुतलं? साध्या क्षारांची प्रक्रिया पाण्याने धुतल्यावर निघून जाते. आणि खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पडदा उघडण्याआधी ठरलेलं हवं.

प्रश्न : सगळे प्रयोग भरगच्च असूनही दौरा तोट्यात गेला. आज तर बँड दौऱ्यांवरच जगतात. मग हिशेब कुठे चुकला? (मुंबई)

हिशेब चुकला असं म्हणता येणार नाही, तो असाच होता. नेपथ्य, बाहुल्या, अ‍ॅनिमेशन आणि यंत्रणा यांचा खर्च खेळ एक होवो की शंभर, एकदाच होतो. तो 31 प्रयोगांवर आणि बंदिस्त सभागृहांच्या खुर्च्यांवर वाटला, तर तिकीट कितीही विकलं तरी फिटत नाही. तोटा काही लाख पौंडांचा होता. यातली गंमत म्हणजे कीबोर्डवादक रिचर्ड राइटला अल्बमच्या काळातच भागीदारीतून बाजूला केलं होतं आणि तो या प्रयोगांत पगारी वादक होता. त्यामुळे चौघांपैकी पैसे मिळाले ते त्यालाच. तोटा भरला उरलेल्या तिघांनी.

शिवाय त्या काळचा व्यवहारच उलटा होता. दौरा म्हणजे अल्बमची जाहिरात, आणि कमाई तबकड्यांवर. दौऱ्यातला खड्डा अल्बमच्या विक्रीने बुजायचा, आणि ‘द वॉल’ तर प्रचंड विकला गेला. आता तबकड्या जवळपास संपल्या, ऐकणं स्वस्त झालं आणि कमाई तिकिटांवर आली.

खर्च वाटून घ्यायचा म्हणजे काय, हे याच मार्क फिशरच्या दुसऱ्या कामात दिसतं. आयरिश बँड यू टूच्या 2009 ते 2011 च्या ‘360 अंश’ दौऱ्यासाठी त्याने चार पायांचा अवाढव्य पोलादी सांगाडा रचला. तो उभारायलाच काही दिवस लागत. एकच सांगाडा असता तर बँडला आठवड्यात एखादाच खेळ मिळाला असता. म्हणून एकसारखे तीन सांगाडे केले. एकावर खेळ चालू, दुसरा पुढच्या गावी उभा राहतोय, तिसरा उतरवून रस्त्यावर. ध्वनी, प्रकाश आणि पडदा मात्र एकच संच, तो बँडबरोबर फिरायचा. खर्च तिप्पट वाटतो, पण 110 खेळ आणि 70 लाखांहून जास्त प्रेक्षक झाल्यावर तो अंगावर येत नाही.

वॉटर्सने पुढे हेच केलं. 2010 ते 2013 मध्ये त्याने ‘द वॉल’ पुन्हा नेली, 219 प्रयोग केले आणि 45 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. फिल्मच्या जागी डिजिटल प्रोजेक्टर आले, प्रत्येक विटेवर वेगळी प्रतिमा टाकता येऊ लागली आणि नंतरच्या वर्षांत तीच भिंत स्टेडियममध्येही गेली. 1980 ला ज्या गोष्टीला नकार दिला होता ती तीस वर्षांनी केली. यावर टीका झाली. आम्हाला ती अर्धीच पटते, कारण भिंत पडद्यासारखी वापरता आल्यावर शेवटच्या रांगेलाही काहीतरी दिसू लागलं. मधे 21 जुलै 1990 ला बर्लिनमध्ये, खरी भिंत पडल्यावर, पॉट्सडामर प्लाट्झला झालेला खुला प्रयोग वेगळा. तिथली भिंत थर्माकोलसारख्या फोमची आणि 1980 च्या भिंतीच्या जवळपास दुप्पट उंचीची होती.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात अशी भिंत करायची आहे. मंच 9 मीटर खोल आहे. पुठ्ठ्याची 3 मीटर उंच भिंत चालेल का? साहित्य आणि कृती सांगा. (सांगली)

चालेल. 3 मीटरच्या वर मात्र जाऊ नका. त्यापुढे शिडीवरचं काम येतं आणि अंधारात, मोठ्या आवाजात, हौशी मुलांनी शिडीवर चढणं आम्हाला मान्य नाही.

विटा. 60 सेंटिमीटर लांब, 30 उंच, 30 खोल. पाचपदरी पुठ्ठ्याचे खोके करून घ्या. तीनपदरी खालच्या थरांत दबतो. 6 मीटर रुंद भिंतीला 10 थर लागतील. सांधा मोडायचा असल्याने एकाआड एक थरात दोन्ही टोकांना अर्धी वीट येते. म्हणजे पाच थर 10 विटांचे, पाच थर 9 विटा आणि 2 अर्ध्यांचे. हिशेब 95 पूर्ण आणि 10 अर्ध्या. मोडतोडीसाठी 105 आणि 12 मागवा. एका विटेचं वजन किलोभराच्या आत राहतं.

आगीपासून. कोमट पाण्यात दर लिटरला 70 ग्रॅम बोरॅक्स आणि 30 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवा. सगळ्या विटांच्या बाहेरच्या बाजूला साधारण 15 लिटर लागेल, म्हणजे सुमारे 1 किलो 50 ग्रॅम बोरॅक्स आणि 450 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. पुठ्ठा सपाट असतानाच फवारा, दोन हलक्या हातांनी, मधे वाळवून. एकदाच भिजवलात तर पदर सुटतात आणि खोका वाकडा होतो. हातमोजे आणि मास्क घाला, उरलेलं पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका. वाळल्यावर एक तुकडा उघड्यावर मेणबत्तीवर 10 सेकंद धरून बाजूला घ्या. ज्योत आपोआप विझली पाहिजे. मग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचा पातळ हात. यामुळे पुठ्ठा पेट घ्यायला वेळ लावतो, जळतच नाही असं नाही. म्हणून दारूकाम, भुईनळे, मशाली काहीही नको आणि दोन्ही विंगांत अग्निशामक हवेत.

आधार. भिंतीमागे दर सव्वा मीटरला एक असे पाच उभे खांब. रॅकसाठी मिळणारे भोकांचे लोखंडी अँगल उत्तम. प्रत्येकाला मागे मीटरभर लांब तिरका पाया आणि त्यावर 20 किलोची वाळूची गोणी. सगळं मॅट काळ्या रंगाने रंगवा. दर तिसऱ्या थरावर एक आडवी लाकडी पट्टी विटांना मागून चिकटपट्टीने जोडा आणि खांबांच्या भोकांत खिळ्याएवढ्या सुट्या पिनांनी अडकवा. सगळ्या पिनांना दोरी बांधून ती विंगेत न्या.

बांधणी. खालचे दोन थर आणि दोन्ही कडांच्या पायऱ्या आधीच रचा, म्हणजे सुमारे 40 नग झाले. उरले 65. पूर्वार्ध 35 मिनिटांचा धरला तर दर 32 सेकंदांना एक. दोन जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक विटा देणारा आणि एक लावणारा. म्हणजे एका जोडीला मिनिटाला एक वीट, हे आरामात होतं. सातव्या थरापासून चाकं कुलूपबंद होणारं रुंद पायांचं टेबल-मचाण घ्या. विटांवर मागच्या बाजूला क्रमांक घाला. वेळ चुकणारच, म्हणून पूर्वार्धाच्या शेवटी चार-चार आवर्तनांत वाढवता येईल असा तुकडा बसवा आणि मचाणावरच्या एकाने लाल टॉर्च दाखवला की शेवटचं आवर्तन, एवढं ठरवा.

पाडणं. मंच 9 मीटर खोल असल्याने भिंत पुढच्या कडेपासून 4 मीटर आत घ्या. मागे बँडला 4 ते 5 मीटर उरतात. आधी दोऱ्यांनी वरून खाली अशा क्रमाने पिना ओढा, मग मागून कापड गुंडाळलेल्या बांबूंनी फक्त वरचे दोन थर पुढे ढकला. 3 मीटरवरून पडायला पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात जोरात ढकललेली वीटही दीड-दोन मीटरच पुढे जाते. बाकी अंतर उसळीसाठी. त्या वेळी पुढच्या 4 मीटरमध्ये कोणीही नको, गायकसुद्धा. पहिली खुर्ची मंचापासून दोन मीटर मागे. खालचे दोन-तीन थर बहुधा उभेच राहतील. राहू द्या, लाथा घालायला जाऊ नका.

रंगीत तालमीत भिंत किमान तीनदा पाडून पाहा. एकदा पाडल्यावर दहातल्या एखाद-दोन विटांचे कोपरे चेपतात, म्हणून जास्तीच्या विटा खऱ्या प्रयोगासाठी राखून ठेवा.

प्रश्न : ‘द वॉल’ भारतात कधी आली का? आणि मूळ प्रयोग आज पाहता येतो का? (डोंबिवली)

‘द वॉल’ नाही आली. वॉटर्स स्वतः मात्र आला; फेब्रुवारी 2007 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्याचा कार्यक्रम झाला, पण तो दौरा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचा होता.

मूळ प्रयोगाचं धड चित्रीकरण नाही. जून 1981 चे अर्ल्स कोर्टचे पाच प्रयोग दिग्दर्शक अ‍ॅलन पार्करच्या ‘द वॉल’वरच्या चित्रपटासाठी चित्रित करायला म्हणूनच ठेवले होते. पण प्रयोगाचा प्रकाश मुद्दाम अंधुक, आणि कॅमेऱ्याला हवा तेवढा वाढवला तर प्रेक्षकांसमोरचा खेळ बिघडतो. चित्रीकरण हाती लागलं नाही आणि 1982 चा चित्रपट मंचीय दृश्यांशिवायच आला. यातल्या शेवटच्या रात्रीनंतर, म्हणजे 17 जून 1981 नंतर, पिंक फ्लॉइडचे हे चौघे एकत्र वाजवताना दिसले ते थेट 2 जुलै 2005 ला लंडनच्या लाइव्ह एट कार्यक्रमात.

ऐकायला मात्र उत्तम सोय आहे. 2000 साली आलेला ‘इज देअर एनीबडी आउट देअर?’ हा दुहेरी संच अर्ल्स कोर्टच्या दोन्ही वर्षांच्या मुद्रणांतून केला आहे. हेडफोन लावून पूर्वार्धाच्या शेवटचा विटांचा तुकडा ऐका, आणि तोच तुकडा इतर प्रयोगांच्या मुद्रणात सापडला तर घड्याळ लावून दोन्ही ताडून पाहा.